चवळीचा दाणा आणि पाच दिवसांचं कविता शिबिर

लेकीला (वय ९) मे महिन्यात पुण्यातच एका कविता लेखन शिबिराला घातलं होतं, पाच दिवस, रोज दोन तास, फी १२०० रुपये. खरं सांगते, सकाळी जरा घर शांत मिळावं एवढाच हेतू होता, कविताबिविता नंतर.

पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या ताईंनी सांगून टाकलं की पाऊस, झाडं आणि आईची थोरवी या तीन विषयांवर इथे बंदी. त्याऐवजी घरी जाऊन आईबाबांच्या, आजीच्या लहानपणीची एक फजिती विचारून यायची. झालं! माझ्या आईनं लगेच फोनवर सांगितलं की मी बालवाडीत असताना नाकात चवळीचा दाणा घातला होता आणि भीतीपोटी दोन दिवस कुणाला बोलले नाही, तो फुगला, मग डॉक्टरांकडे पळापळ, आणि तिथे माझा भाऊ डॉक्टरांना विचारतोय की मोड आलेत का. तीस वर्षं झाकलेलं प्रकरण सगळ्या बॅचला कळलं.

पण त्यातून पोरीनं अष्टाक्षरी लिहिली बरं का:

आईच्या नाकात दाणा
कुणी सांगेना कुणाला
मामा विचारी हळूच
मोड आले का गं त्याला

प्रत्येक ओळीत आठ अक्षरं, मोजून बघा. जोडाक्षर एकच धरायचं हे तिला तिथेच कळलं, आधी ती 'च्या'ची दोन मोजत होती आणि ओळ काही केल्या बसेना म्हणून रडकुंडीला आली होती. (मामा हळूच वगैरे अजिबात नव्हता विचारत, ओरडून विचारत होता, पण अक्षरं कमी पडत होती म्हणे.) मोठ्या मुलांना अभंगाचा साचा दिला होता, सहा-सहा-सहा-चार, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. एकानं त्यात आजोबांची हरवलेली कवळी बसवली होती, मी ऐकून फुटले.

ताईंचा एक नियम मला फार आवडला, फजिती ज्याच्या घरची त्यानंच सांगायची, दुसऱ्यानं त्यावरून चिडवायचं नाही. आमची जरा लाजाळू आहे पण तिसऱ्या दिवशी स्वतःचीच शाळेतली डबा सांडल्याची गोष्ट उभं राहून सांगून आली.

आता तक्रारी. २२ मुलं आणि शिकवणारं माणूस एकच, त्यामुळे सगळ्यांच्या वह्या काही बघून झाल्या नाहीत. शेवटच्या दिवशी मुलांच्या कविता वीस मिनिटं आणि पाहुण्यांचं भाषण पाऊण तास, हे काय गणित? शिवाय सर्टिफिकेटवर 'कवीता' छापलंय, ते फ्रेम करायचं की लपवायचं तेच कळेना. पार्किंगचं विचारूच नका.

तरी माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. दिवाळीच्या सुट्टीत परत घालणार आहे. नवरा म्हणतोय त्याच्या लहानपणी फजिती वगैरे काही झालीच नाही, म्हणून लेकीनं आत्ताच सासूबाईंना फोन लावलाय आणि पलीकडून हसण्याचाच आवाज येतोय.