मुरबाड-शहापूरच्या खाचरात कुठलं भात लावावं: संकरित की सुधारित?

मे सरत आला की बियाण्याच्या दुकानात पहिला प्रश्न असतो, ‘एकरी उतारा किती?’ मी आधी वेगळंच विचारेन: दसऱ्याच्या सुमाराला तुमच्या खाचरात ओल असते का? ठाणे जिल्ह्यातलं बहुतेक भात पावसाच्या भरवशावर. ऑक्टोबरात पाऊस माघारी गेला की वरची शेतं लवकर तडकतात, सखल खाचरं ओल धरून राहतात. वाण इथेच ठरतो.

वरच्या शेतात हळवंच, म्हणजे लवकर पिकणारं भात हवं. तिथे निवड तिघांत: संकरित सह्याद्री-4, सुधारित कर्जत-3 आणि कर्जत-7. तिन्ही कर्जतच्या संशोधन केंद्राचे, तिन्ही साधारण 115 ते 120 दिवसांचे. कर्जत-3चा दाणा आखूड नि जाड, घरी खायला आणि पोह्यांना चांगला. कर्जत-7 लांबट बारीक. भात विकायचं असेल तर हा बरा. सह्याद्री-4चाही दाणा बारीक, आणि कामं वेळेवर झाली तर उतारा त्याचाच जास्त.

अडतं ते वेळेवरच. संकरिताचं रोप 21 ते 25 दिवसांचं असतानाच लावायला हवं, चुडात, म्हणजे एका जागी, एक-दोनच रोपं. जुलैत पावसाने ओढ दिली, चिखलणी खोळंबली, की रोपाचं वय वाढून ते जून होतं नि बुंध्यातून फुटणारे फुटवे कमी येतात. त्यात गावची तरणी पोरं भिवंडीच्या गोदामांत कामाला. आवणीला, म्हणजे रोपं लावायला, माणसं मिळेपर्यंत आठवडा सहज जातो. जून रोपाचा फटका कर्जत-3, कर्जत-7 या सुधारित वाणांनाही बसतो, पण त्यांच्या बियाण्यात एवढा पैसा अडकलेला नसतो.

बियाणं संकरिताचं हेक्टरी 20 किलो पुरतं, सुधारिताला 35-40 किलो तरी लागतं. तरी खर्च संकरितालाच जास्त, कारण पिशवी दरवर्षी नवी. घरचं राखून पेरलंत तर झाडं उंचसखल येतात, लोंब्या मागेपुढे बाहेर पडतात. हे कधीच करू नका. कर्जतचं बी भेसळ काढून राखलं तर दोन-तीन वर्षं चालतं. म्हणून विहिरीचं किंवा ओढ्याचं पाणी हाताशी नसेल, तर वरच्या शेतात मी कर्जतच लावेन.

सखल खाचराचं गणित उलटं. हळवं भात तिथे पाण्यातच पिकतं, कापणी चिखलात होते नि भारे भिजतात. तिथे 125 ते 130 दिवसांचं सह्याद्री-3 घ्या. दाणा भरताना ओल कमी पडत नाही, त्यामुळे संकरिताचा पैसा वसूल होतो तो इथे. मात्र युरिया एकदम फेकू नका, हप्त्यांनी द्या. नत्र जास्त झालं की जिवाणूजन्य करपा बळावतो. ऑक्टोबर संपेपर्यंत पाणी हटत नसेल तर 135 ते 140 दिवसांचं कर्जत-2.

भातामागून वाल घेणाऱ्यांनी वरच्या शेतात गरव्या, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या भाताचा विचारही करू नये. कापणी लांबली की वाल उगवण्यापुरतीही ओल उरत नाही.