गोराईचं धम्मपत्तन: दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जाण्याआधी

उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर, गोराई खाडी आणि अरबी समुद्राच्या मधे ग्लोबल विपश्यना पगोडा आहे. त्याच परिसरातल्या धम्मपत्तन केंद्रात विपश्यना ध्यानाचे गुरू सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतली दहा दिवसांची शिबिरं होतात. शिकवण इगतपुरीच्या मुख्य केंद्रात जी, तीच इथे. शिबिर मनापासून शिफारस करण्याजोगं आहे, पण शरीराची तयारी न करता आलेल्याचे पहिले चार दिवस पाय चोळण्यातच जातात.

आधी रजेचा हिशेब. नोंदणी ‘शून्य दिवसा’ला दुपारी, समारोप अकराव्या दिवशी सकाळी. म्हणजे रजा बारा दिवसांची हवी. दहाच दिवसांची टाकून आलेला माणूस आठव्या दिवसापासून मनातल्या मनात परतीची गाडी पकडत असतो. बोरिवलीकडून खाडी बोटीने ओलांडता येते. पावसाळ्यात किंवा सामान जड असेल तर भाईंदर-उत्तनचा रस्ता बरा.

पहाटे ४ ला घंटा, ४:३० ला पहिली बैठक, ११ ला जेवण, संध्याकाळी ७ ला गोयंका गुरुजींचं ध्वनिमुद्रित प्रवचन, ९:३० ला दिवे बंद. ध्यानाचे तास मोजले तर दिवसाला दहाच्या वर भरतात. म्हणून बसायच्या उशीकडे नीट लक्ष द्या. मांडी घातल्यावर गुडघे कमरेच्या खाली यायला हवेत. उशी बुटकी असली की कंबर मागे कलते, पाठीला पोक येतो आणि तासाभरात माकडहाडाशी ठणका सुरू होतो. फार उंच असली की भार नडग्यांवर येऊन पाय बधिर होतात. बहुतेकांना चार ते सहा इंच उंची पुरते. गुडघा अधांतरी राहत असेल तर त्याच्याखाली चादरीची घडी ठेवा. दुसऱ्या दिवशी उशांवर उशा रचण्याचा मोह होतो. त्याने आराम मिळत नाही, तोल मात्र जातो. महिनाभर आधी घरी रोज वीस मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत बसायची सवय करावी. गुडघ्याचं किंवा मणक्याचं दुखणं असेल तर अर्जातच लिहा आणि खुर्ची मागा. त्यात कमीपणा काही नाही.

पहिले तीन दिवस आनापान: नाकपुड्या आणि वरच्या ओठाच्या वरची जागा, तिथला येणारा-जाणारा नैसर्गिक श्वास. मोजायचा नाही, त्याला नाम जोडायचं नाही. प्राणायामाची सवय असलेले इथेच चुकतात. श्वास ओढत राहतात आणि दुपारपर्यंत डोकं जड होतं. चौथ्या दिवशी विपश्यना दिली जाते आणि शरीरातल्या संवेदना पाहत लक्ष डोक्यापासून पायांपर्यंत फिरू लागतं. पुढे दिवसातल्या तीन सामूहिक बैठका अधिष्ठानाच्या: तासभर हात-पाय न हलवता, डोळे न उघडता. सुखद लहरींची वाट पाहणं ही सगळ्यात मोठी चूक. खाज, घाम, ठणका, धडधड, सगळं सारख्याच समतेने पाहायचं असतं. किनाऱ्याच्या दमट हवेत मानेवरून ओघळणारा थेंब न पुसता नुसता पाहिला, तर अनित्य म्हणजे काय ते प्रवचनाच्याही आधी कळतं.

आर्यमौनात, म्हणजे शिबिरात पाळायच्या मौनात, खाणाखुणाही नाहीत. पण अडचण गिळून बसायची नसते. साधनेतली शंका दुपारी १२ ते १ सहायक आचार्यांना विचारावी, खोली-पाण्याची गोष्ट धम्मसेवकांना (स्वयंसेवकांना) सांगावी. बरेच नवे साधक हे विसरतात आणि उगाच सोसतात.

पावसाळ्यात जावं का? बौद्ध परंपरेत आषाढ ते आश्विन पौर्णिमा हा वर्षावासाचाच, म्हणजे भिक्खूंनी पावसाळाभर एका जागी राहण्याचा काळ. खाडीपलीकडे कान्हेरीच्या लेण्यांत भिक्खूंच्या निवासातले दगडी ओटे आणि शिलालेखांत ‘पोढी’ म्हटलेली पाण्याची टाकी आजही पाहता येतात. तरी पहिल्या शिबिरासाठी डिसेंबर ते फेब्रुवारीच निवडा. पावसात कपडे वाळत नाहीत. जीन्स तर तीन दिवस ओलीच राहते. पातळ पण पारदर्शक नसलेले, सैल, सुती पाच-सहा जोड न्या. भोवती खारफुटी, त्यामुळे तिन्हीसांजेला डास. पहिलं शीलच अहिंसेचं असल्याने हात उगारायचा नाही. पूर्ण बाह्या आणि मोजे हाच उपाय. उग्र वासाची मलमं, अत्तरं घरी ठेवा. पहाटेसाठी बॅटरी आणि घसरणार नाहीत अशा चपला घ्या. मोबाईल, पुस्तक, वही जमा होतात.

जेवण साधं, शाकाहारी. संध्याकाळी ५ ला नव्या साधकांना चहा आणि हलका फराळ, आधी शिबिर केलेल्या जुन्यांना फक्त लिंबूपाणी. मधुमेह असेल तर औषधाच्या वेळा आधी डॉक्टरांशी आणि नोंदणीच्या वेळी व्यवस्थापनाशी बोलून ठरवा. चालू गोळ्या मनाने बंद करू नका. मानसिक आजाराचा इतिहास लपवू नका; लांबलेलं मौन आणि इतकं ध्यान अशा वेळी त्रास वाढवू शकतं.

राहण्या-जेवणाचं शुल्क नाही. दानही शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच घेतात. अर्ज संकेतस्थळावर होतो. बेत बदलला तर जागा लगेच रद्द करा, प्रतीक्षा यादीतल्या कुणाला तरी ती मिळते.

अकराव्या दिवशी लगेच गाडी गाठू नका. २००९ साली उद्घाटन झालेल्या पगोड्याच्या घुमटाखाली एकही खांब नाही आणि सुमारे ८,००० साधक एकत्र बसू शकतात. तिथली एकदिवसीय शिबिरं हे दहा दिवस पूर्ण केलेल्यांसाठीच असतात. पुढची तारीख निघण्याआधी विचारून घ्या.