मून क्लिप, कापलेला सिलिंडर की आहे ते बरं?

परवाना मिळाला, रिव्हॉल्व्हर घरात आलं, की थोड्याच दिवसांत मोबाइलवर ते व्हिडिओ दिसायला लागतात. गोल चकतीत, म्हणजे मून क्लिपमध्ये, सहा काडतुसं अडकवलेली, ती अख्खी चकती सिलिंडरमध्ये, म्हणजे काडतुसांच्या फिरत्या नळकांड्यात, आणि रिकाम्या पुंगळ्याही एकगठ्ठा बाहेर. मग गन हाऊसच्या काउंटरवर प्रश्न येतो, "शेठ, आपल्याला हे बसवून मिळंल का?" बसवायचं म्हणजे सिलिंडर मागून थोडा कापायचा. सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी परगावी राहणारे विटा-खानापूरकडचे गलाईवाले विचारतात, साताऱ्याचे निवृत्त सुभेदार विचारतात. माझं मत आधीच सांगतो. हत्यार .३२ बोअरचं, म्हणजे साधारण .३२ इंच व्यासाच्या नळीचं असेल आणि संरक्षणासाठी असेल, तर क्लिपही नको आणि सिलिंडरला हातही नको. स्पर्धेत उतरणाऱ्याचं गणित निराळं.

मुळात ही क्लिप निघाली ती गरजेपोटी. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते. त्या कडेमुळे काडतूस सिलिंडरच्या तोंडाशी अडतं आणि पुंगळी बाहेर ढकलणारी चांदणीही तिलाच धरते. पिस्तुलाच्या काडतुसाला कड नसते, नुसती खाच असते. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला पिस्तुलं पुरेनात, म्हणून कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन यांनी .४५ एसीपी (ऑटोमॅटिक कोल्ट पिस्टल) हे पिस्तुलाचंच काडतूस चालवणारी १९१७ मॉडेलची रिव्हॉल्व्हरं काढली. कड नसलेली पुंगळी बाहेर काढायची कशी, यावर उपाय म्हणून तीन काडतुसं धरणारी अर्धचंद्र क्लिप आली. सहांची पूर्ण चकती बरीच नंतरची. क्लिपचा कंटाळा तेव्हाही होताच, कारण १९२० मध्ये पीटर्स कंपनीने याच रिव्हॉल्व्हरांसाठी जाड कडेचं .४५ ऑटो रिम काडतूस बाजारात आणलं.

फायदा खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. १९९९ मध्ये जेरी मिचुलेक या अमेरिकी नेमबाजाने स्मिथ अँड वेसन ६२५ मधून सहा गोळ्या, पुन्हा भरणं आणि आणखी सहा गोळ्या, हे सगळं २.९९ सेकंदांत केलं. ती करामत मून क्लिपवरच झाली. पुंगळ्या क्लिपला धरूनच बाहेर पडत असल्यामुळे एखादी चांदणीखाली अडकून बसण्याची भानगड उरत नाही. स्पर्धेनंतर पुंगळ्या वेचायलाही सोपं.

आता दुसरी बाजू, आणि ती व्हिडिओत दिसत नाही. क्लिप म्हणजे पातळ पत्रा. खिशात किल्ल्यांबरोबर राहिली, गाडीच्या कप्प्यात दाबली गेली, किंवा पुंगळ्या हाताने ओढून काढताना जरा पिळली गेली, की वाकते. वाकलेली क्लिप सिलिंडरच्या मागे घासते, सिलिंडर जड फिरतो, कधी चाप अर्ध्यात अडतो. रिव्हॉल्व्हर लोक घेतात ते कशासाठी? वर्षानुवर्षं भरून ठेवलं तरी चाप ओढल्यावर चालेल, या भरवशासाठी. तोच भरवसा आपण दोन बोटांत वाकणाऱ्या पत्र्यावर टांगतो. काडतुसाची कंपनी बदलली की खाचेचं माप किंचित बदलतं, मग एका क्लिपमध्ये घट्ट बसणारं काडतूस दुसऱ्या कंपनीचं असेल तर लुळं हलतं. क्लिपमध्ये काडतुसं भरायला आणि पुंगळ्या काढायला वेगळी अवजारं लागतात. कोयना-पाटणच्या पावसाळ्यात साध्या पोलादाच्या क्लिपवर गंज चढतो तो निराळाच. स्पर्धेतला माणूस रोज क्लिपा तपासतो, वाकडी दिसली की फेकतो. कपाटात हत्यार ठेवणारा तपासत नाही.

सिलिंडर कापण्याचे दोन प्रकार लोक एकच समजतात. पहिल्यात बोअर तेच राहतं. क्लिपला जागा व्हावी म्हणून सिलिंडरची मागची बाजू थोडी उतरवतात. स्मिथ अँड वेसन ६२७ सारखी काही .३५७ रिव्हॉल्व्हरं कारखान्यातूनच अशी येतात, आणि कडेचं काडतूस असल्याने ती क्लिपविनाही चालतात. दुसऱ्या प्रकारात काडतूसच बदलतं, आणि खरा धोका तिथे आहे. ब्रिटिश सैन्याची जुनी .४५५ वेब्ली अमेरिकेत स्वस्तात विकली गेली, तेव्हा सिलिंडरची मागची बाजू तासून ती मून क्लिपसह .४५ एसीपीवर चालवली गेली. काडतूस बसलं, गोळी सुटली, पण त्या साध्या एसीपीचा दाब वेब्लीच्या चाचणीसाठी ठरलेल्या दाबापर्यंत जातो. त्यामुळे काही सिलिंडर फुटले.

यापेक्षा शहाणा मार्ग रुगर या अमेरिकी कंपनीने काढला: तिच्या एकाच ब्लॅकहॉक रिव्हॉल्व्हरला दोन सिलिंडर, एक .३५७ चा, एक ९ मिमीचा. दोन्ही त्याच चौकटीला कारखान्यात जुळवलेले. त्यात पुंगळ्या दांडीने एकेक काढतात, म्हणून क्लिप लागतच नाही. तिन्हींत मला हाच प्रकार पटतो. मात्र आपल्याकडे सामान्य परवानाधारकाला आयात बंद आहे आणि .३८ व .४५५ ची हातातली शस्त्रं, ९ मिमी पिस्तूल हे सगळं प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे सामान्य माणसाला न मिळणाऱ्या मापात मोडतं. तेव्हा हे वाचायला ठीक.

आपल्याकडे मिळतं ते .३२. आणि इथे एक घोळ आहे. रिव्हॉल्व्हरचं .३२ म्हणजे स्मिथ अँड वेसन लाँग, पिस्तुलाचं .३२ म्हणजे एसीपी. बोलताना दोन्ही "बत्तीस". एसीपीला नावापुरतीच कड असते, ते काही रिव्हॉल्व्हरांत शिरतंही, म्हणून कुणाच्या तरी डोक्यात येतं की सिलिंडर जरा कापला, क्लिप लावली की दोन्ही चालतील. अमेरिकी मानकानुसार लाँगचा कमाल दाब १५,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), एसीपीचा २०,५००. वेब्लीचीच गोष्ट, फक्त लहान मापात.

राहिला कापणार कोण हा प्रश्न. किर्लोस्करवाडीपासून कुपवाड एमआयडीसीपर्यंत मायक्रॉनमध्ये काम करणारे टर्नर आपल्याकडे आहेत, कसबाबद्दल शंकाच नाही. पण शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे शस्त्राची दुरुस्ती आणि बदल, दोन्हींना स्वतंत्र परवाना लागतो. २०१९ मध्ये कायदा सुधारल्यानंतर हे कलम मोडल्याची शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. टर्नरही त्यात अडकतो. शिवाय शस्त्राचा सुटा भागही कायद्याच्या व्याख्येत शस्त्रच, त्यामुळे "नुसता जादा सिलिंडर आहे साहेब" हे चालत नाही. निवडणुकीत हत्यार ठाण्यात जमा करायची वेळ येतेच, तेव्हा तिथे काय दाखवणार आहात याचा विचार करा.

मग भरायला वेळ लागतो त्याचं काय? इथे निवड मॉडेलची आहे. आपल्याकडे बनणाऱ्या .३२ रिव्हॉल्व्हरांपैकी २०१४ चं निर्भीक मध्यातून मोडतं. नळी खाली दुमडली की सगळ्या पुंगळ्या एकदम वर येतात, म्हणजे मून क्लिपचं अर्धं काम ते स्वतःच करतं. वजन अर्ध्या किलोच्या आसपास. २०२३ चं प्रबळ सुमारे सातशे ग्रॅम, सिलिंडर बाजूला निघतो, नळी ७६ मिमी. काडतुसं सिलिंडरमध्ये सोडून स्वतः हातात उरणारा गोल स्पीड लोडर बाजूला निघणाऱ्या सिलिंडरला वापरायला सोपा, पण लोडर मुठीच्या फळीला अडत नाही ना, हे बघावं लागतं. खिशात बाळगायला रबरी पट्टी सगळ्यांत चपटी, दोन-दोन काडतुसं बसवत जायचं. लोडर असो वा पट्टी, वाकून चाप अडवणारं काही सिलिंडरमध्ये राहत नाही.

गलाईवाल्यांना, म्हणजे ज्यांना प्रवासात दिवसभर अंगावर बाळगायचंय त्यांना, मी हलकं निर्भीक आणि एक पट्टी सांगेन. त्याआधी परवाना त्या राज्यात चालतो का, ते पाहून घ्या. शेतावरच्या वस्तीला प्रबळ आणि लोडर. स्पर्धेत उतरून ज्यांनी आयातीची सवलत मिळवली आहे, त्यांनी मून क्लिपचं हत्यार घ्यायचं तर कारखान्यातूनच कापलेलं घ्यावं, क्लिपा डझनाने घ्याव्यात आणि एकाच कंपनीच्या काडतुसांवर टिकून राहावं. बाकीच्यांनी दुकानात जाताना सहा डमी काडतुसं मागून घ्यावीत, लोडर त्यात भरून काउंटरवरच चार-पाच वेळा भरून-काढून बघावं, आणि मगच पैसे मोजावेत.