एलव्हीएम, आठ महिन्यांनी: वाढवताना मजा, कमी करताना घाम

एलव्हीएम म्हणजे लिनक्समध्ये डिस्कची जागा व्हॉल्यूममध्ये वाटून त्यांचा आकार नंतर बदलू देणारी सोय. पहिले सात महिने मी तिला डोळे झाकून पाच स्टार दिले असते. घरचा सर्व्हर जुना, नवी डिस्क घ्यायची नाही हा माझा हट्ट. व्हार (लॉग वगैरे साठतात तो व्हॉल्यूम) भरत आलं की एलव्हीएक्स्टेंड या वाढवायच्या कमांडला '-आर' (फाइलसिस्टिमही सोबत बदल) लावून '+२०जी' म्हणायचं. त्यावरची फाइलसिस्टिम, म्हणजे फाइलींची मांडणी, एक्सएफएस; ती माउंट (वापरात) असतानाच वाढते, चहा निवायच्या आत काम खल्लास.

मग ग्रुपमधली, म्हणजे सगळ्या व्हॉल्यूमच्या सामायिक साठ्यातली, मोकळी जागा संपली. होमचे (माझ्या फाइलींच्या व्हॉल्यूमचे) २०० जीबी, वापरात ९०. त्यातले ५० व्हारला द्यायचं ठरवलं. होमची फाइलसिस्टिम ईएक्सटी४ निघाली हे नशीब, ती कमी करता येते. एक्सएफएस असतं तर बॅकअप, मोडतोड आणि पुन्हा बांधणी.

क्रम मला पाठ: अनमाउंट, सक्तीची एफएससीके (तपासणी), रिसाइजटूएफएसने फाइलसिस्टिम १५० जीबी, मगच एलव्हीरिड्यूसने व्हॉल्यूम कमी. वाढवताना आधी व्हॉल्यूम, कमी करताना आधी फाइलसिस्टिम. एवढं करून शेवटी '-एल -५०जी' ऐवजी '-एल ५०जी' मारलं. '५०ने कमी कर'चं '५०वर आण' झालं! डेटा नष्ट होऊ शकतो, खरंच करू का, असं त्याने विचारलं होतं. पण बरोबर लिहिलं तरी ते हेच विचारतं, त्यामुळे बोट आपोआप 'वाय'वर, म्हणजे 'हो'वर जातं. सगळा फरक एका आडव्या रेघेवर टांगणाऱ्याने रात्री बारा वाजता कधी काम केलं नसावं.

माउंट करायला गेलो तर 'बॅड जॉमेट्री', म्हणजे आकार जुळत नाहीत. फाइलसिस्टिम ३,९३,२१,६०० ब्लॉकची, डिव्हाइस १,३१,०७,२०० ब्लॉकचं. पोटात गोळा आला.

इथे माझं मत फिरलं. बदल करण्याआधीचा नकाशा, म्हणजे कुठला व्हॉल्यूम डिस्कवर कुठे ही नोंद, एलव्हीएम ईटीसी फोल्डरमधल्या आर्काइव्हमध्ये जपून ठेवतं. व्हीजीसीएफजीरिस्टोअर या नकाशा परत लावायच्या कमांडने यादी काढली, एलव्हीरिड्यूसच्या आधीची फाइल परत लावली, व्हॉल्यूम बंद करून चालू केलं. एफएससीके स्वच्छ! कारण पुसला गेला होता फक्त नकाशा, आणि सुटलेल्या जागेत मी अजून काही लिहिलं नव्हतं. खाली एसएसडी असती आणि कुणी एलव्हीएमच्या कॉन्फिगमध्ये 'इश्यू डिस्कार्ड्स' (सुटलेली जागा लगेच टाकून दे असं डिस्कला सांगणारी सेटिंग) १ केलेलं असतं, तर ही गोष्ट वेगळी झाली असती. मुळात ते ० असतं.

नव्या आवृत्त्यांत एलव्हीरिड्यूस आधी फाइलसिस्टिमचा आकार बघून नकार देतं म्हणे. माझ्याकडची जुनी.

आता मी बेरीज-वजाबाकी करतच नाही, थेट '-एल १५०जी' लिहितो, सोबत '-आर'. चार स्टार, एक त्या रेघेपायी कापला.

आणि हो, परवा व्हारमध्ये १८ जीबी जुने लॉग सापडले.