ग्लासगोजवळ राहायचंय: पेझली की ईस्ट किलब्राइड?

ग्लासगोत नोकरी किंवा प्रवेश पक्का झाला आणि शहरातली भाडी पाहिली, की शोध शहराच्या कडेच्या गावांकडे वळतो. त्यात दोन नावं हमखास समोर येतात: पश्चिमेला पेझली आणि दक्षिणेला ईस्ट किलब्राइड. दोन्हींची वस्ती पाऊण लाखाच्या आसपास. दोन्ही शहराच्या मध्यापासून 11 ते 14 किलोमीटरवर. दोन्हीकडची रेल्वे ग्लासगो सेंट्रललाच पोहोचते. नकाशावर डावंउजवं करता येत नाही, म्हणून बरेच जण भाड्यातल्या चाळीस-पन्नास पौंडांच्या फरकावर निर्णय घेऊन मोकळे होतात. तसं करू नका, कारण या दोन गावांची घडणच वेगळी आहे. पेझली बाराव्या शतकातल्या मठाभोवती वाढलं आणि पुढे शाली व शिवणदोऱ्याच्या गिरण्यांवर जगलं. गिरणी, बाजार आणि घर एकमेकांपासून पायी अंतरावर, अशी त्याची रचना. ईस्ट किलब्राइड हे स्कॉटलंडचं पहिलं 'न्यू टाउन'. 1947 मध्ये ते जाहीर झालं आणि रुंद रस्ते, असंख्य गोल चौक व मोकळी हिरवळ सोडून आखलं गेलं. रोजच्या जगण्यातले बहुतेक फरक इथूनच निघतात.

आमचं मत आधीच सांगतो. गाडी नसेल तर पेझली घ्या. गाडी आणि शाळेत जाणारी मुलं असतील तर ईस्ट किलब्राइड जास्त सुखाचं. घरात बाळ येणार असेल तर मात्र आधी खालचा दवाखान्यांचा भाग वाचा.

रेल्वे

पेझलीच्या नावाची तीन स्थानकं आहेत आणि जाहिरातीतलं 'स्टेशनजवळ' त्यातलं कुठलं, हे विचारलंच पाहिजे. गिल्मर स्ट्रीट हे खरं स्थानक. एअरशरकडून आणि गुरॉककडून येणाऱ्या गाड्या इथे एकत्र येतात, त्यामुळे दिवसभर थोड्या थोड्या मिनिटांनी गाडी मिळते आणि ती 10 ते 15 मिनिटांत सेंट्रलला पोहोचते. एखादी रद्द झाली तरी पुढची पाठोपाठ असते. सकाळी गाड्या लांबून भरून येतात, उभं राहावं लागतं, पण तेवढ्या वेळाचं कुणाला काही वाटत नाही. पेझली कनॉल स्थानकाची गोष्ट निराळी. तिथे अर्ध्या तासाला एक गाडी, मार्गाचा बराच भाग एकेरी, वेळही जास्त. सेंट जेम्सलाही गिल्मर स्ट्रीटच्या मानाने गाड्या कमी.

ईस्ट किलब्राइड हे मार्गाचं शेवटचं स्थानक आहे. तासाला दोन गाड्या, प्रवास जवळपास अर्ध्या तासाचा. मे 2025 पासून इथे विजेच्या गाड्या धावतात आणि हेअरमायर्स स्थानक नव्या जागी, मोठ्या पार्किंगसह बांधलं आहे. पण वाटेतल्या बझबी स्थानकाच्या पुढे मार्ग बराचसा एकेरीच आहे. एक गाडी उशिरा आली की समोरचीही अडकते, आणि चुकली तर अर्धा तास फलाटावर. खरी अडचण त्याच्याही आधीची: गाव पसरट आहे. कॅल्डरवुड, ग्रीनहिल्स, लिंडसेफील्ड अशा वस्त्यांतून स्थानक गाठायलाच बस लागते. तिथे राहणारे बरेच जण थेट ग्लासगोची बस पकडतात. गर्दीच्या वेळी तिला पाऊण तास सहज लागतो.

1 सप्टेंबर 2025 पासून स्कॉटरेलने गर्दीच्या वेळेचं जादा भाडं कायमचं काढून टाकलं, तेव्हा 'नऊनंतर निघा, स्वस्त पडेल' हा सल्ला आता जुना झाला. 5 ते 21 वयाच्या सर्वांना स्कॉटलंडभर बस मोफत आहे, त्यासाठी कार्ड काढावं लागतं. पदवीला आलेल्या मुलामुलींनी पहिल्याच आठवड्यात ते काढावं. ग्लासगोची भुयारी सबवे 15 स्थानकांचं एक वर्तुळ आहे, ती यातल्या कुठल्याच गावापर्यंत येत नाही.

कामाचं ठिकाण कुठे आहे ते पाहा. बार्कलेज, जेपी मॉर्गन यांची कार्यालयं आणि स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठ सेंट्रलपासून चालत आहेत, म्हणजे दोन्ही गावं चालतील. ग्लासगोच्या गोव्हन भागातल्या क्वीन एलिझाबेथ रुग्णालयात नोकरी असेल तर पेझलीच घ्या. ईस्ट किलब्राइडहून तिथे गाडीशिवाय जायचं तर शहरात उतरून पुन्हा वाहन बदलावं लागतं, आणि रुग्णालयाच्या पाळ्या वेळापत्रकाला विचारून लागत नाहीत.

गाडीचा हिशेब

भारतीय परवान्यावर ब्रिटनमध्ये राहायला आल्यापासून 12 महिने गाडी चालवता येते. त्यानंतर इथली लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावीच लागते, आणि परीक्षेची तारीख लवकर मिळत नाही. म्हणून तात्पुरत्या परवान्याचा अर्ज आल्या आल्या करायचा. भारतीय परवान्यावर विमा महाग पडतो. ग्लासगोच्या मध्यभागी 1 जून 2023 पासून कमी प्रदूषणाचा पट्टा लागू आहे. साधारण 2006 नंतरची पेट्रोल आणि सप्टेंबर 2015 नंतरची डिझेल गाडीच तिथे चालते, नाहीतर दंड 60 पौंडांपासून सुरू होतो. स्वस्तात जुनी डिझेल गाडी घेणारे नवखे लोक इथेच फसतात.

ईस्ट किलब्राइडच्या जुन्या ओळींच्या घरांत, ती बांधताना घरटी एक गाडीसुद्धा धरलेली नव्हती. गॅरेज घरापासून दूर, एका रांगेत असतात. घर पाहायला संध्याकाळी सातनंतर जा, म्हणजे पार्किंगची खरी स्थिती दिसेल.

घर आणि ओल

पेझलीच्या मध्यभागी मिळतात ते टेनमेंट फ्लॅट: तीन-चार मजल्यांच्या, वालुकाश्माच्या जाड भिंतींच्या शंभर-सव्वाशे वर्षं जुन्या इमारती, उंच छत, मोठ्या खिडक्या. दिसायला देखणे, तापवायला खर्चिक. भिंत भरीव असल्याने आत पोकळी नसते आणि थंडी सरळ आतल्या पृष्ठभागापर्यंत येते. इथे वर्षाला साधारण 1200 मिलिमीटर पाऊस पडतो, मुंबईच्या जवळपास निम्मा, पण तो बाराही महिने थोडा थोडा पडतो. भिंतीला वाळायला उसंत नसते. त्यात आपला स्वयंपाक: कुकरची वाफ, उकळता भात, वर हिवाळ्यात घरातच वाळणारे कपडे. ती वाफ थंड भिंतीवर जमते आणि कपाटामागे काळी बुरशी धरते.

म्हणून घर पाहताना मोबाइलच्या उजेडात बाहेरच्या भिंतीला लागलेल्या कपाटांच्या मागे आणि खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात पाहा. नुकताच एकाच भिंतीला रंग दिलेला दिसला तर कारण विचारा. स्वयंपाकघरात हवा बाहेर फेकणारा पंखा आहे का, काचा दुहेरी आहेत का, हीटिंग गॅसवर आहे की विजेच्या स्टोरेज हीटरवर, हे लिहून घ्या. जाहिरातीत ऊर्जा दाखल्याची, म्हणजे घराला किती ऊर्जा लागते त्याची, श्रेणी असायलाच हवी. ई किंवा त्याखालची असेल तर कमी भाड्यातली बचत हिवाळ्याचं बिल खाऊन टाकतं. राहायला गेल्यावर कपडे एकाच खोलीत, दार बंद करून आणि खिडकी किंचित उघडी ठेवून वाळवा. हीटिंग दिवसातून दोनदा भडकवण्यापेक्षा कमी तापमानावर सतत ठेवलं तर भिंती कोरड्या राहतात.

ईस्ट किलब्राइडला मुख्यतः 1950 ते 1970च्या दशकांतली ओळींची घरं, स्वतःचं दार, मागे छोटी बाग. ती तापवायला सोपी. मात्र काही घरं विटांऐवजी काँक्रीट ओतून बांधलेली आहेत, विकत घेताना बांधकामाचा प्रकार बँकेला आधी कळवावा. बहुमजली इमारतींत हीटिंग बऱ्याचदा विजेवर असतं. गाव समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरहून उंच आहे. वारा जास्त, आणि पेझलीत नुसता पाऊस पडतो त्या दिवशी इथे बर्फ असू शकतो.

टेनमेंट विकत घ्यायचा तर इमारतीला फॅक्टर आहे का, हा पहिला प्रश्न. फॅक्टर म्हणजे छप्पर, जिना, पन्हळी अशा सामायिक गोष्टी सांभाळणारी नोंदणीकृत संस्था. तो नसेल तर स्लेटचं छप्पर गळू लागल्यावर मालकांच्या बहुमताने निर्णय घ्यावा लागतो, आणि तळमजल्यावरच्याला घाई नसते.

दवाखाने

हा फरक बहुतेकांना उशिरा कळतो. पेझली ग्रेटर ग्लासगो अँड क्लाइड आरोग्य मंडळात येतं, ईस्ट किलब्राइड लॅनार्कशर मंडळात. पेझलीच्या रॉयल अलेक्झांड्रा रुग्णालयात तातडीची सेवाही आहे आणि प्रसूती विभागही. मुलांना दाखल करायची वेळ आली तर मात्र गोव्हनच्या बालरुग्णालयात जावं लागतं. ईस्ट किलब्राइडचं हेअरमायर्स रुग्णालय तातडीसाठी चांगलं जवळ आहे, पण प्रसूती विभाग आणि मुलांचा वॉर्ड विशॉला, वीसेक किलोमीटरवर. रात्री दोन वाजता, गाडीशिवाय, कळा सुरू झालेल्या असताना हे अंतर फार होतं. औषधांच्या चिठ्ठीला पैसे दोन्हीकडे लागत नाहीत.

शाळा आणि गाव

शाळा पत्त्यावर ठरते, म्हणून भाडेकरार करण्याआधी स्थानिक परिषदेच्या (काउन्सिलच्या) संकेतस्थळावर तो पत्ता कुठल्या शाळेच्या हद्दीत येतो ते पाहा. ईस्ट किलब्राइडला तीन माध्यमिक शाळा: डंकनरिग, कॅल्डरग्लेन आणि कॅथलिक सेंट अँड्र्यूज अँड सेंट ब्राइड्स. पेझलीत शाळा जास्त, आणि एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत गेलं की वातावरणही बदलतं. राल्स्टन, कॅसलहेड हे शांत आणि महाग भाग, फर्ग्युसली पार्क अनेक दशकं गरिबीशी झगडणारा. गावाला एकच शिक्का मारू नका. स्कॉटिश सरकारचा वंचिततेचा नकाशा देशाचे 6,976 तुकडे करून दाखवतो, त्यात पिनकोड टाकून नेमका रस्ता पाहा.

पोहण्यासाठी ईस्ट किलब्राइडचा डॉलन तलाव स्कॉटलंडमधला पहिला 50 मीटरचा. पेझलीला 2023 मध्ये हाय स्ट्रीटवर नवं ग्रंथालय झालं, मुलांना घेऊन पावसाळी शनिवार घालवायला उत्तम. आपला भारतीय किराणा पेझलीकरांना आणि ईस्ट किलब्राइडकरांनाही बहुधा ग्लासगोच्या पोलॉकशील्ड्स भागातून आणावा लागतो. त्यासाठी ईस्ट किलब्राइडच्या गाडीने क्रॉसमायलूफला उतरता येतं, पेझली कनॉलच्या गाडीने डम्ब्रेकला. विमानतळ पेझलीच्या उशालाच आहे, तिथे रेल्वे जात नाही पण बस थोड्या मिनिटांत नेते. दुबईमार्गे मुंबईला जाणाऱ्यांना हे फार सोयीचं.

विकत घेणार असाल तर

पुण्यात किंवा ठाण्यात तुमच्या किंवा जोडीदाराच्या नावावर फ्लॅट आहे? मग घर शोधण्याआधी हे वाचा. जगात कुठेही 40,000 पौंड किंवा अधिक किमतीचं दुसरं घर असेल, तर स्कॉटलंडमधल्या खरेदीवर साधारणपणे 8 टक्के जादा कर लागतो, आणि तो पूर्ण किमतीवर. 1,92,000 पौंडांच्या घरावर 15,360 पौंड. शिवाय पहिल्या खरेदीची सवलतही जाते, कारण 'पहिलं' म्हणजे जगातलं पहिलं.

दुसरी अडचण बोलीची. विक्रेता होम रिपोर्ट देतो, त्यात तज्ज्ञाने ठरवलेली किंमत असते, आणि खरेदीदार वकिलामार्फत बंद बोली लावतात. रिपोर्टमध्ये 1,80,000 आणि तुमची बोली 1,92,000 असेल, तर बँक कर्ज 1,80,000 च्या हिशेबाने देते. दहा टक्के स्वतःचे 18,000 आणि वरचे 12,000 असे 30,000 पौंड रोख हवेत, कर आणि वकील वेगळे.

भाड्याने घ्यायचं तर

2017 पासून इथल्या नव्या खाजगी भाडेकराराला मुदत नसते. भाडेकरूने 28 दिवसांची सूचना दिली की बाहेर पडता येतं. अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही आणि मालकाने ती 30 कामकाजाच्या दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत भरायची असते. एजंटला 'प्रशासन शुल्क' देऊ नका, ते घेणं स्कॉटलंडमध्ये बेकायदा आहे. वेगवेगळ्या कुटुंबांतले तीन किंवा जास्त जण एकत्र राहणार असतील तर घराला एचएमओ परवाना लागतो. चौघा विद्यार्थ्यांना विनापरवाना फ्लॅट देणारा मालक उद्या त्यांना बाहेरही काढेल. पूर्णवेळ विद्यार्थ्यांच्या घराला काउन्सिल टॅक्स (इथली घरपट्टी) माफ, एकट्या प्रौढाला 25 टक्के सूट. पाण्याचा आकारही त्याच बिलात येतो.

क्लाइडबँक या ग्लासगोशेजारच्या गावाचाही विचार करा, विशेषतः ग्लासगो विद्यापीठ किंवा तिथल्याच गोल्डन ज्युबिली रुग्णालयासाठी. विद्यापीठाजवळच्या पार्टिक स्थानकाला थेट गाडी जाते आणि घरं स्वस्त आहेत. पण इथला वारा बहुतेक नैर्ऋत्येचा असल्याने विमानं क्लाइडबँकवरून खाली येत उतरतात. व्हाइटक्रुक भागात घर घेण्याआधी सकाळी लवकर तिथे तासभर थांबून ऐका. बेअर्सडन आणि न्यूटन मर्न्स हे ग्लासगोच्या कडेचे भाग शाळांसाठी नावाजलेले, आणि भाडंही त्याच तोलाचं.

नव्याने येणाऱ्या कुटुंबाने पहिलं वर्ष गिल्मर स्ट्रीटपासून पायी अंतरावर भाड्याने काढावं, त्यात गाडीचा परवाना मिळवावा, आणि मग ईस्ट किलब्राइडची बाग हवीशी वाटली तर हलावं. मूल पहिलीत जाणार असेल तर हे हलणं डिसेंबरपर्यंत उरका. शाळेची नोंदणी जानेवारीत होते, शाळा ऑगस्टमध्ये सुरू होते, आणि हद्दीबाहेरच्या शाळेसाठीचा अर्ज 15 मार्चपर्यंतच घेतला जातो.