टॉलग्रास प्रेअरी, कॅन्सस : बाबांना गवत दाखवायला नेलं तेव्हा

बाबा इंदापूरहून पहिल्यांदा इकडे आले आणि आठवडाभर मॉल, म्युझियम बघून कंटाळले. म्हणून सप्टेंबरातल्या एका शनिवारी त्यांना टॉलग्रास प्रेअरी नॅशनल प्रिझर्व्हला, म्हणजे उंच गवताच्या राखीव माळरानावर नेलं. कॅन्सस सिटीकडून गाडीनं साधारण दोन तास, स्ट्राँग सिटीच्या उत्तरेला दोन मैल. प्रवेश फुकट. गेटजवळ १८८१ चं चुनखडीच्या दगडाचं घर आणि तीनमजली गोठा आहे. गोठ्यात बाबा अर्धा तास रमले. घर मी भरभर पाहिलं.

खरं बघायचं ते गवत. उत्तर अमेरिकेत एकेकाळी १७ कोटी एकरांवर हे उंच गवत होतं, आज ४ टक्केही उरलेलं नाही. फ्लिंट हिल्स या इथल्या टेकड्यांमध्ये ते वाचलं, कारण वरच्या थोड्याशा मातीखाली गारगोटी आणि चुनखडी; नांगर चालेना, म्हणून लोकांनी गुरं चारली. फॉक्स क्रीक ओढ्याकाठची सुपीक जमीन मात्र नांगरली गेली होती. तिथे देशी गवतांचं बी पेरून कुरण पुन्हा उभं केलंय. त्या पायवाटेवर बिग ब्लूस्टेम नावाचं गवत माझ्या डोक्यावरून जात होतं. बाबांनी तुरा बोटांत धरला, त्याची तीन बोटं मोजली आणि म्हणाले, "हे आपल्या मारवेलच्या भावकीतलं दिसतंय." खरंच आहे ते, दोन्ही एकाच कुळातली.

प्रिझर्व्ह जवळपास ११,००० एकरांचं. त्यातली बहुतेक जमीन नेचर कॉन्झर्व्हन्सी या संस्थेची आहे, सरकारी फार थोडी. २००९ मध्ये आणलेल्या, गव्यांसारख्या दिसणाऱ्या बायसनचा कळप एका कुरणात आहे आणि बाकीच्या बऱ्याच भागात चक्क गुरं चरतात. रेंजरबाईंनी पद्धत सांगितली, मी बाबांना मराठीतून. कुरणाचा एकेक तुकडा आळीपाळीनं जाळायचा. कोवळं गवत फुटलं की गुरं आपणहून तिकडे जातात, मध्ये कुंपण लागत नाही. तोवर दुसऱ्या तुकड्यांना विश्रांती मिळते, तिथलं गवत वाढतं आणि प्रेअरी चिकनसारख्या जमिनीवर घरटी करणाऱ्या पाखरांना आडोसा होतो.

बाबा बराच वेळ गप्प होते. आमच्या गावचं गायरान गुरांनी खाऊन संपवलं, असं ते मला लहानपणापासून सांगत आलेत. त्या टेकडीवर उभं राहून म्हणाले, "गुरांनी नाही गं. आम्ही राखायचं सोडलं. माझे आजोबा पावसाळाभर कुरणात एक शेळीसुद्धा जाऊ द्यायचे नाहीत. दिवाळीनंतर विळा लागायचा."

या एका वाक्यासाठी मी पुन्हा चार तास गाडी चालवेन.

जाणार असाल तर सप्टेंबरातच जा, तेव्हा गवत तांबूस होतं. पाणी भरपूर न्या, वर टेकड्यांवर सावलीला झाड नाही. गोचिडांसाठी लांब मोजे आणि पूर्ण पँट हवीच. बायसन लांबूनच पाहा, कितीही शांत दिसले तरी.

बी घरी न्यायची बाबांची फार इच्छा होती. चालत नाही, म्हटलं. मग गाडीत बसण्याआधी ते दगडावर टेकले, मोज्यांना चिकटलेलं एकेक बी काढलं आणि तिथल्याच गवतात परत टाकलं.