माला-एन: चांगली, पण विसरभोळ्यांची नाही

सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळणाऱ्या या गर्भनिरोधक गोळ्यांच्या पाकिटात 28 गोळ्या: 21 संप्रेरकांच्या, 7 लोहाच्या. लोहाची चुकली तर सरळ टाकून द्या, गर्भ राहण्याशी तिचा संबंध नाही. संप्रेरकाची एक चुकली तर आठवताच घ्या, पुढची ठरल्या वेळी. एका दिवशी दोन झाल्या तरी चालतं. सलग दोन किंवा जास्त चुकल्या, की शेवटची चुकलेली तेवढीच घ्या, रोजची चालू ठेवा आणि 7 दिवस निरोध वापरा. बीजांडकोश दबून राहायला सलग सात गोळ्या लागतात.

खरी गोम पाकिटाच्या टोकांना आहे. लोहाच्या सात दिवसांत बीजांडकोश जागा होऊ लागतो. नवं पाकीट लांबलं की बीज सुटू शकतं. (मधल्या आठवड्यातल्या चुकीला सगळे घाबरतात, तिथे धोका कमी.) पहिल्या आठवड्यात दोन चुकल्या आणि गेल्या 5 दिवसांत संबंध आला असेल, तर तातडीच्या गर्भनिरोधक गोळीबद्दल लगेच आशाताईंना किंवा डॉक्टरांना विचारा. तिसऱ्या आठवड्यात चुकल्या तर उरलेल्या संप्रेरकाच्या गोळ्या संपवा, लोहाच्या वगळा, थेट नवं पाकीट फोडा.

किंमत शून्य, गुण पुरेपूर. वरचेवर विसरत असाल तर मात्र तांबी बरी.